साखळी आणि बांध

(नभोवाणीवरील भाषण)

बेळगावजवळ येळ्ळूरच्या डोंगरावर राजहंसगड नावाचा एक लहानसा किल्ला आहे. इतिहासात त्याचे नाव फारसे गाजलेले नाही. परंतु पावसाळा सरत आला म्हणजे त्याच्या तटावर उभे राहून खाली पाहणाऱ्याला भूगोलाचा एक उत्तम धडा आयता मिळतो. पायथ्याशी भाताची खाचरे पसरलेली असतात. त्यांच्या शेकडो बांधांत एकही रेघ सरळ नसते. ओढा वळला की बांध वळतो, उतार वाढला की खाचर अरुंद होते, जमीन सपाट झाली की तेच खाचर ऐसपैस पसरते. पश्चिमेकडे खानापूरच्या बाजूला सह्याद्रीच्या रांगा चढत जातात आणि शेते त्यांच्या कुशीत शिरून नाहीशी होतात. उलट बैलहोंगल, सौंदत्तीच्या दिशेने चालू लागावे, तर पाऊस कमी होत जातो, माती काळी होते, शेते लांबरुंद होतात आणि दृष्टीला अडविणारे झाडसुद्धा विरळ होते. उत्तरेस तवंदीचा घाट उतरून निपाणीकडे गेले म्हणजे तिसरेच चित्र दिसते. वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या आसपासची ती काळी राने, पूर्वी तंबाखूने आणि अलीकडे बव्हंशी उसाने भरलेली, आणि त्यांच्यामधून वाकडीतिकडी गेलेली पाणंद.

एकाच जिल्ह्यातील ही तीन चित्रे इतकी भिन्न आहेत की, त्यांना एकत्र बांधणारे काही असेल असे वरवर पाहणाऱ्यास वाटणार नाही. परंतु तसे एक बंधन आहे, आणि ते लोखंडाचे आहे. ही सारी शेते एकदा एकाच लांबीच्या साखळीने मोजली गेली. ती साखळी तेहतीस फुटांची होती.

या तेहतीस फुटांची कुळकथा मनोरंजक आहे. इंग्लंडमध्ये एडमंड गुंटर नावाच्या गणितज्ञाने १६२० च्या सुमारास जमीन मोजण्यासाठी सहासष्ट फुटांची साखळी प्रचारात आणली. तिचे शंभर दुवे होते, आणि तिच्या दहा चौरस साखळ्यांचा बरोबर एक एकर होत असे. हिशेबाला ही साखळी इतकी सोयीची ठरली की, इंग्रज जिथे जिथे गेले तिथे तिथे ती त्यांच्याबरोबर गेली. मुंबई इलाख्यात आली तेव्हा तिची निम्मी साखळी करण्यात आली. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद एवढी जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. साखळीचे भाग मात्र शंभर केले नाहीत. सोळा केले आणि त्यांना नाव दिले आणे. रुपयाचे आणे सोळा, तसे साखळीचेही आणे सोळा. रुपयाचा हिशेब करणाऱ्या कुळकर्ण्याला जमिनीचा हिशेब तोंडी करता यावा, ही त्यातील योजना. परक्या मापाला देशी पगडी घालण्याचा हा प्रकार पुष्कळच चतुर म्हटला पाहिजे. चलनातला आणा १९५७ साली दशमान पद्धतीमुळे गेला; बेळगावकडच्या उताऱ्यावर एकर आणि गुंठ्यांच्या शेजारी तो अजून जिवंत आहे.

गुंटरची पूर्ण साखळी समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली, तेव्हा तिने जे केले ते येथल्यापेक्षा अगदी निराळे होते. संयुक्त संस्थानांनी १७८५ साली कायदा करून पश्चिमेकडील अफाट प्रदेश चौकोनांत वाटून टाकावयाचे ठरविले. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा एक मोठा चौकोन, त्याचे एकेक मैलाचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग सहाशे चाळीस एकरांचा. त्यातला सोळाव्या क्रमांकाचा भाग गावच्या शाळेसाठी राखून ठेवावा असा नियम होता. शिक्षकाच्या पोटाची सोय नकाशातच करून ठेवणारे सरकार विरळाच म्हणावे लागेल. पुढे १८७१ पासून कॅनडानेही आपल्या गवताळ मैदानात हीच पद्धत चालविली. एका कुटुंबाला एकशे साठ एकर, म्हणजे एका भागाचा चतुर्थांश, असे वाटप झाले. आजही विमानातून त्या प्रदेशावरून जाणाऱ्याला खाली बुद्धिबळाचा पट मांडल्यासारखे दिसते. रस्ते उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, कोपरे काटकोनात, टेकडी आली तरी रस्ता वळावयाचा नाही. फक्त काही मैलांनंतर उत्तरेकडे जाणारा रस्ता एकाएकी थोडासा बाजूला सरकतो. ती मोजणीदाराची चूक नव्हे. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा एकमेकींच्या जवळ येत जातात, आणि चौकोन चौकोनच ठेवावयाचा तर मधूनमधून रेघ मोडून पुन्हा सुरू करावी लागते. सपाट कागदावर आखलेल्या योजनेला पृथ्वीने घातलेली ही मुरड होय.

बेळगावच्या मुलखात असा पट का दिसत नाही? याचे उत्तर साधे आहे. तिकडे आधी रेघ आली आणि मग नांगर आला. येथे नांगर शेकडो वर्षे चालून गेला होता. रेघ त्याच्या मागून आली.

त्या आधीही येथे मोजणी नव्हती असे नाही. शिवकालात पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांच्या चौरसाचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर ही मापे होती. दक्षिणेकडील गावांत मापाची याहून घरगुती रीत चाले. एका कुरीने एका दिवसात जेवढी जमीन पेरून होईल तिला कुरगी म्हणत. शहरी मनुष्याला हे माप ढोबळ वाटेल. पण हलकी जमीन कुरीखाली झरझर जाते आणि चिकट जमीन बैलांना दमविते, हे लक्षात घेतले म्हणजे कुरगीत क्षेत्राबरोबर श्रमही मोजला जात होता, हे ध्यानात येईल.

इंग्रजी अमलात पुण्याकडे प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली पहिली मोजणी फसली. सारा इतका चढा बसला की गावेच्या गावे ओस पडू लागली. तेव्हा १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि जॉर्ज विंगेट या दोघांनी नव्याने आरंभ केला, आणि १८४७ साली त्यांनी डेव्हिडसन यांच्यासह या कामाचे नियम एका संयुक्त अहवालात घालून दिले. बेळगाव-धारवाडचा मुलूख तेव्हा दक्षिण महाराष्ट्र म्हणून ओळखला जाई. तेथील मोजणीही याच पद्धतीने झाली.

या नियमांतील शहाणपण असे की, त्यांनी शेताचा आकार ठरविताना होकायंत्राऐवजी बैलजोडीकडे पाहिले. एका बैलजोडीने होईल तेवढी जमीन हा एका नंबराचा अजमास धरला. हलक्या जिरायतीत ती सुमारे वीस एकर, मध्यम जमिनीत पंधरा, भारी काळ्या जमिनीत बारा आणि भातजमिनीत अवघी चार. म्हणून पूर्वेकडच्या गावाचा नकाशा उघडला तर त्यावर नंबर मोठे व विरळ दिसतात, आणि खानापूरकडच्या गावाचा उघडला तर नंबरांची दाटी होते. राजहंसगडावरून डोळ्यांना जे दिसते तेच कागदावर आकड्यांनी लिहिलेले आहे.

मोजणीदार शेतावर येई तेव्हा असलेला बांध तो बहुधा मान्य करी. शेतातून एक सरळ आधाररेषा टाकावयाची, शंकू रोवून तिच्यावर काटकोन साधावयाचे आणि बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत लंब मोजावयाचा. वाकड्या शेताचे असे त्रिकोण आणि चौकोन पाडून त्यांचा गुणाकार केला की क्षेत्र निघे. हे आकडे ज्यावर उतरून घेत त्याला टिपण म्हणतात. आजही हद्दीचा वाद विकोपास गेला म्हणजे भूमापन कचेरीतून प्रथम तेच बाहेर काढावे लागते. कोपऱ्यांवर दगड रोवीत, मधे मातीचे बुरूज घालीत आणि जिरायतीत दोन शेतांच्या सीमेवर एक पट्टी न नांगरता सोडीत. भातशेतीत अशी पट्टी सोडण्याचे कारण नव्हते. तेथे पाणी धरावयाचे तर बांध जपावाच लागतो.

मोजणीहूनही मातीची प्रतबंदी हा या पद्धतीतला खरा रसाळ भाग. शेताचे नकाशावर लहान लहान भाग पाडून प्रत्येक भागात पहारीने खणून पाहत. माती किती हात खोल आहे आणि कोणत्या जातीची आहे, यावरून तिची प्रत ठरे. एकसारखी काळी, बारीक कणांची माती पावणेदोन हात खोल लागली तर ती पहिल्या प्रतीची, सोळा आण्यांची. खोली पाव हाताने कमी झाली की प्रत एक पायरी उतरे. दुसरी चौदा आण्यांची, तिसरी बारा, अशी उतरत उतरत नववी प्रत दोन आण्यांवर येई. तांबडी, जाडसर माती कितीही खोल असली तरी तिला पहिल्या पाटावर बसावयास मिळत नसे. शिवाय दोष निराळे. जमिनीत चुनखड मिसळलेली आहे काय, वाळू आहे काय, उतार आहे काय, पाणी साचते काय, पुराचे पाणी वाहून माती धुपते काय; प्रत्येक दोषाला एकेक खूण ठरलेली होती. दोन टिंबे, एक तिरपी रेघ, एक फुली, एक वर्तुळ अशा त्या खुणा त्या त्या चौकटीत मांडीत आणि प्रत्येक खुणेगणिक जमीन एक प्रत खाली जाई. पाऊसमान आणि बाजारपेठेचे अंतर पाहून गावांचे दर ठरत आणि मग तीस वर्षांसाठी सारा कायम होई.

ही पद्धत निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. मातीची खोली हाताने मोजता येते. परंतु मृगाचे पाणी पडेल की नाही, हे प्रतबंदीच्या चौकटीत कोठे मांडणार? सारा ठरे तो जमिनीच्या गुणावर आणि भरावा लागे तो दर सालच्या पिकातून. १८५२ साली खानदेशात सावदा, फैजपूर, एरंडोल या बाजूला रयत मोजणीविरुद्ध उठली, तेव्हा सरकारला लष्कर आणावे लागले. साखळी पाहून शेतकरी बिचकतो ते अज्ञानामुळे, असा शेरा तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी मारला असला तरी तो पूर्ण खरा मानता येत नाही. आपल्या जमिनीचा आकार दुसऱ्याच्या वहीत गेला की तिच्यावरचा आपला शब्द एकटा उरत नाही, एवढे कळण्यास साक्षरता लागत नाही.

खानदेशानंतर सतरा वर्षांनी कॅनडात असाच एक प्रसंग घडला. रेड नदीच्या काठी मेटी नावाचे लोक राहत. फ्रेंच बाप आणि तेथल्या मूळच्या जमातींतल्या आया अशा मिश्र वंशाचे, बहुतेक फ्रेंच बोलणारे. त्यांची शेते चौकोनी नव्हती. नदीला तोंड करून मागे रानापर्यंत गेलेल्या लांब, चिंचोळ्या पट्ट्या, अशी त्यांची रीत होती. त्यामुळे प्रत्येक घराला नदीचे पाणी मिळे, काठची सुपीक माती मिळे आणि मागे गवताचे कुरणही मिळे. १८६९ च्या ऑक्टोबरात चौकोन आखणारे मोजणीदार या पट्ट्या आडव्या छेदीत आले. तेव्हा लुई रिएल नावाचा पंचविशीच्या आतला तरुण पुढे झाला आणि त्याने मोजणीच्या साखळीवर पाय ठेवला. काम तेथेच थांबले. पुढे त्या लढ्यातून मॅनिटोबा प्रांत जन्मास आला आणि नदीकाठच्या त्या पट्ट्या नकाशात टिकल्या. रिएल स्वतः मात्र १८८५ साली फासावर गेला.

त्या पट्ट्यांची हकीकत येथे सांगण्याचे कारण निपाणीच्या शिवारात सापडते. विंगेटच्या मोजणीत बारा एकरांचा असलेला काळ्या रानाचा एखादा नंबर घ्यावा. एक टोक ओढ्याला भिडलेले, दुसरे माळाला. पहिल्या पिढीत तीन भाऊ वाटण्या मागतात. आडव्या वाटण्या केल्या तर एकाला ओढ्याची काळी माती, दुसऱ्याला मध्यम आणि तिसऱ्याला नुसता मुरूम येईल. हे कोण मान्य करील? म्हणून नंबर उभा चिरतात, म्हणजे प्रत्येकाला थोडी काळी, थोडी मुरमाड, आणि विहिरीच्या पाण्याची पाळी. पुढच्या पिढीत पट्ट्याचा पट्टा होतो. रेड नदीच्या काठी आणि दूधगंगेच्या काठी, एकमेकांचे नावही न ऐकलेल्या माणसांनी एकाच न्यायाने एकच आकार काढला. फरक इतकाच की तेथे तो आकार आरंभी होता, येथे तो शेवटी आला. उभ्या वाटण्यांत न्याय पुरा होतो खरा, पण नांगर वळविण्यास जागा उरत नाही. दोन पट्ट्यांमधला बांध दोन्ही बाजूंनी दरसाल वीतवीत कोरला जातो आणि ज्या सख्ख्या भावांनी एका ताटात भाकरी खाल्ली, ते तालुक्याच्या न्यायालयात एकमेकांच्या समोर बसतात. हद्दीचा दगड हलविणे हा गुन्हा आहे, हे दोघांनाही ठाऊक असते; दगड हलविला कोणी, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते.

हे विखंडन थांबविण्यासाठी मुंबई सरकारने १९४७ साली तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा केला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. त्या दिवसापर्यंत कागल, निपाणी, चंदगड आणि खानापूर यांची जमीन एकाच राज्याच्या दप्तरात लिहिली जात होती. त्या दिवसापासून दोन दप्तरे झाली, आणि दोन्हींनी आपापला रस्ता धरला. महाराष्ट्राने १९६६ साली जमीन महसुलाची नवी संहिता केली, कर्नाटकाचा कायदा १९६४ चा. महाराष्ट्रात एकत्रीकरणाने जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिले जाऊ लागले. बेळगावकडे काही ठिकाणी ब्लॉक पडले तरी सर्व्हे नंबर व त्यांचे हिस्से हीच भाषा मुख्यत्वे चालत राहिली आणि एकर-गुंठेही राहिले. कागलकडचा शेतकरी सातबारा म्हणतो, निपाणीकडचा नुसता उतारा म्हणतो आणि कचेरीत त्याला पहाणी म्हणतात. आर हा गुंठ्याहून केवळ एका चौरस मीटरपेक्षा थोडासाच लहान असल्यामुळे कागलचा शेतकरीही बोलताना आराला गुंठाच म्हणतो. शासनाने माप बदलले, जिभेने बदलले नाही.

सीमाभागातील मराठी शेतकऱ्याची खरी अडचण मापात नाही, अक्षरांत आहे. निपाणीच्या बाजूच्या एखाद्या घरातील पत्र्याची पेटी उघडावी. तळाशी पणजोबांचे खरेदीखत असते, मोडीत लिहिलेले. ते वाचणारा मनुष्य आता शोधावा लागतो. त्यावर आजोबांच्या वेळचे बाळबोध मराठीतले कागद, आणि सर्वांत वर संगणकातून निघालेला कन्नड उतारा. कर्नाटकाने २००० सालाच्या सुमारास ‘भूमी’ योजनेखाली राज्यभरचे उतारे संगणकावर आणले. तलाठ्याच्या हातची खाडाखोड त्यामुळे थांबली, हा लाभ लहान नव्हे. परंतु घरातील वडीलधाऱ्याला आपल्याच जमिनीचा कागद शाळकरी नातवाकडून वाचवून घ्यावा लागतो. आणि नातू ‘आबा, तुमचं नाव हितं आहे’ म्हणून बोट ठेवतो तेव्हा त्या बोटावर विश्वास टाकण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते. तीन लिप्यांच्या या तीन कागदांत नावे बदललेली, जिल्ह्याचे नाव बदललेले, राज्याचे नाव दोनदा बदललेले. बदललेला नसतो तो सर्व्हे नंबर. पोटहिस्स्याची शेपटी लांबली असेल, मूळ आकडा तोच. मोडी न वाचता येणारा नातू आणि कन्नड न वाचता येणारे आजोबा, या दोघांनाही तेवढ्या एका आकड्याची ओळख पटते.

राज्यांच्या सीमेचा प्रश्न १९६७ च्या महाजन अहवालाने मिटला नाही. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याची चर्चा येथे कर्तव्य नाही. तो कोणत्याही बाजूने सुटला तरी येळ्ळूरचे खाचर जागचे हलणार नाही, इतकेच. त्या खाचरांना खरे भय दुसरीकडून आहे. शहर वाढत आहे. भाताच्या उत्तम जमिनींत घरांची आखणी होते. हलगा-मच्छे वळणरस्त्यासाठी पिकाऊ जमिनी घेण्यास शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला आणि ते न्यायालयातही गेले. नव्या वसाहतीचे भूखंड पाडले जातात ते मात्र सरळ रेषांत, काटकोनांत, अगदी कॅनडाच्या मैदानासारखे. विंगेटच्या माणसांनी जपलेली ओढ्याची वळणे त्या आखणीत बसत नाहीत. मग पहिल्याच मोठ्या पावसात बळ्ळारी नाल्याचे पाणी पसरले की लोकांना नवल वाटते! जुन्या टिपणात त्या जागी पाणी साचण्याची खूण असणे अगदी शक्य आहे. पण घर बांधणारा टिपण पाहावयास जात नाही. तो रस्ता पाहतो.

साखळीही आता निवृत्त झाली आहे. मोजणीदार येतो तो तिपाईवर यंत्र उभे करून, उपग्रहाकडून खुणा घेऊन. २०२० पासून गावठाणांवरून मोजणीची विमानेही फिरू लागली आहेत. यंत्र इंचाचा तपशील देते. तरीही वाद निघाला की दोन्ही पक्ष आणि मोजणीदार मिळून प्रथम गवत बाजूला सारतात आणि बांधाच्या टोकाला जुना दगड शोधतात. तो सापडला तर यंत्राची तिपाई त्याच्यावर उभी करतात, आणि तेथून मोजावयास लागतात.